पहिलटकरणीची वार

मी एक जुनी वार आहे. नाक दाबू नका, मित्रांनो. माझ्या बरणीचे झाकण लाखेने बंद केलेले आहे. तुम्हाला जो वास येतो आहे, तो बाहेरच्या मोरीचा आहे.

वार म्हणजे काय, हे तुमच्यापैकी बहुतेकांना ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्याची तुम्हाला लाजही नाही. तुम्ही प्रत्येक जण आईच्या पोटात एका वारेच्या जिवावर नऊ महिने फुकट जेवलात. आईचे रक्त एका बाजूने माझ्यात येते, बाळाचे दुसऱ्या बाजूने. दोन्ही एकमेकांत मिसळत नाहीत. मधल्या पातळ पडद्यातून मी बाळाला अन्न आणि प्राणवायू देते आणि त्याची घाण आईच्या रक्तात परत लावून देते. या कामाला सुट्टी नसते. मग बाळ बाहेर येते, माणसे त्याचे नाक कुणावर गेले यावरून वाद घालत बसतात आणि मला बादलीत टाकतात.

मी बादलीतून बरणीत आले, एवढेच माझे भाग्य. या संग्रहाच्या खोलीत शाळांच्या सहली येतात. मुले माझ्यासमोर येतात आणि दर वेळी तेच बोलतात.

"ईऽऽ! हे काय गं? कलेजी?"

"गप रे, बाई ऐकतील."

"पुढे चला, पुढे चला," बाई म्हणतात, "सांगाडा तिकडे आहे."

सांगाडा सर्वांना आवडतो. त्याने आयुष्यात काय केले? उभा राहिला. आता मरूनही उभाच आहे. त्याच्या गळ्यात हात टाकून फोटो काढतात. माझ्या फळीवर मात्र लोक छत्र्या ठेवतात.

आज तुमच्या बाईंना फोन आला आहे आणि त्या बाहेर गेल्या आहेत. तेवढ्यात माझी हकीकत ऐकून घ्या.

मी जिच्या पोटात वाढले, तिला घरात धाकटी म्हणत. ती रानाकडेच्या एका गावची होती. तिथे हिवताप, म्हणजे तुमचा मलेरिया, दर वर्षी यायचा. धाकटी लहानपणी किती वेळा थंडीने कुडकुडली, याची मोजदाद तिच्या आईनेही ठेवली नव्हती. पण मोठी होत गेली तसा ताप कमी होत गेला. पुढे पुढे तर हिवताप आला तरी नुसते डोके दुखायचे आणि दुपारी उतरायचे.

याचे कारण तिच्या रक्तातली प्रतिपिंडे. प्रतिपिंडे हे शरीराचे पहारेकरी असतात. एखाद्या जंतूशी वारंवार गाठ पडली की त्याला ओळखणारे पहारेकरी तयार होतात आणि त्याला धरतात. धाकटीचे पहारेकरी असे अनुभवी होते. त्यांना त्याचा भारी गर्व होता. त्या गर्वाबद्दल मी पुढे सांगणारच आहे.

तिचे लग्न एका गवंड्याशी झाले. गवंडी आणि त्याचा थोरला भाऊ एकाच इमारतीच्या कामावर होते. थोरला सेंटरिंगचा, म्हणजे स्लॅबखालच्या फळ्या ठोकणारा सुतार. दोघे भाऊ, दोघांच्या बायका आणि थोरल्याची तीन पोरे, अशी सगळी त्याच अर्धवट इमारतीच्या तळमजल्यावर राहत. खिडक्यांना चौकटी नव्हत्या, पोती लावलेली होती. नवा स्लॅब टाकला की तो तडकू नये म्हणून त्याच्यावर सिमेंटचे बांध घालून पाणी तुंबवून ठेवतात. स्वच्छ, संथ पाणी. हिवतापाच्या डासांना याहून चांगले घर कुणी बांधून दिले नसते. माणसांसाठीची इमारत पुरी व्हायची होती, डासांची केव्हाच पुरी झाली होती.

त्या वर्षी दोन्ही जावा एकदमच गरोदर राहिल्या. थोरलीचे चौथे आणि धाकटीचे पहिले. म्हणजे मी.

एके दिवशी आरोग्य केंद्रातली सिस्टर आली. तिच्या पिशवीत मच्छरदाणी होती.

"घरात दोघी गरोदर आहात, पण घराला एकच आलीय," ती म्हणाली. "ही धाकटीला द्या. पहिलटकरीण आहे."

थोरली घमेले धूत होती. ती न वळताच म्हणाली, "का हो सिस्टर? आमचं पोट काय भाड्याचं आहे?"

सगळे हसले.

"तसं नाही हो वहिनी. पहिल्या खेपेला या तापाचा धोका जास्त असतो. तुमच्या अंगाला सवय झालीय."

"सवय हिला!" थोरल्याने धाकटीकडे बोट केले. "ही तापाच्याच गावची. हिला चावून डास आजारी पडतात."

पुन्हा सगळे हसले. या घराला हसायला फार लवकर यायचे. सिस्टरने मच्छरदाणी खाली ठेवली आणि पाठ वळवताच थोरली म्हणाली, "आम्हाला शिकवते! स्वतःचं लग्न तरी झालंय का हिचं?"

घरात थोरपण पोटातही मोजले जात होते. थोरली मोठी, तिचे पोट चौथे, तिचे अंग तीन बाळंतपणांनी झिजलेले. तेव्हा मच्छरदाणी तिची. धाकटी तरणी, पहिलीच खेप, तिला काय होते आहे? आपल्याकडे ताटे वाढतानाही हाच क्रम असतो, मग मच्छरदाणीला वेगळा कशाला? कुणी वाईट बुद्धीने केले नाही. वाईट बुद्धीलासुद्धा थोडी बुद्धी लागते.

गवंड्याने एकदा तोंड उघडले. "दादा, आपण दुसरी एक आणू या का?"

"आणू की," थोरला म्हणाला, "हा स्लॅब होऊ दे."

तो स्लॅब झाला, मग त्याच्या वरचा झाला. गवंड्याने पुन्हा विचारले नाही. भिंत ओळंब्यात सरळ आहे की नाही, यावरून तो मुकादमाशी तासभर भांडायचा. थोरल्या भावासमोर मात्र त्याची जीभ टाळ्याला चिकटायची. आणि धाकटी? तिने स्वतःच स्टूल ओढून घेतले, त्याच्यावर चढली आणि जावेच्या खाटेवर मच्छरदाणीच्या दोऱ्या बांधून दिल्या.

"राहू द्या हो," ती नवऱ्याला म्हणाली. "आम्ही तापाबरोबरच वाढलोय."

मग व्हायचे ते झाले. डास चावले आणि हिवतापाचे परजीवी तिच्या रक्तात आले.

आता नीट ऐका. सांगाड्याकडे काय बघता, तो कुठे पळून जात नाही. हा परजीवी रक्तातल्या तांबड्या पेशीत शिरून बसतो. नुसता वाहत राहिला तर पाणथरीत, म्हणजे प्लीहेत, गाळून मारला जातो. म्हणून तो पेशीच्या अंगावर गळासारखे आकडे काढतो आणि रक्तवाहिनीच्या भिंतीला लटकून राहतो. धाकटीच्या पहारेकऱ्यांना लहानपणापासून हे आकडेच ओळखीचे. आकडा दिसला की धरलाच. त्यामुळे परजीवी फार वाढायचे नाहीत आणि तिला ताप चढायचा नाही.

पण या वेळी तिच्या शरीरात एक नवी जागा तयार झाली होती. मी. माझ्या अंगावर एक चिकट, साखरेसारखा पदार्थ असतो, तसा बाकी शरीरात या परजीवींना सहसा मिळत नाही. त्यांच्यातल्या काहींकडे नेमका त्यालाच धरणारा एक खास आकडा असतो. पुरुषाला वार नसते, लहान मुलीला नसते. म्हणून तो आकडा कधी वापरात येत नाही आणि त्याला ओळखणारे पहारेकरीही तयार होत नाहीत. बाई पहिल्यांदा गरोदर राहिली की मगच तो बाहेर निघतो.

ते चोर रोज माझ्याकडे येऊन चिकटू लागले. धाकटीचे अनुभवी पहारेकरी शेजारून जात होते. बघत होते आणि पुढे जात होते. त्यांना त्यांचे जुने आकडेच दिसायला हवे होते. आयुष्यभर एकच काम केलेल्यांना वाटते की आपल्याला सगळे येते. मी माझ्या अंगावर हजारो चोर वागवत होते आणि बाहेरून ऐकू काय यायचे, तर तापाच्या गावच्या पोरीला काही होत नाही!

ताप आलाच नाही, हे खरे. हीच तर खोच होती. जुने पहारेकरी बाकीच्या शरीरात ताप चढू देत नव्हते आणि माझ्यात काय चालले आहे, ते कुणाला कळत नव्हते. धाकटी फक्त पांढरी पडत गेली. एक जिना चढला की धापा टाकायची. भिंतीला टेकून बसायची. कुणी बघत नसले की ओल्या भिंतीचा कोपरा चाटायची. अंगात रक्त कमी झाले की कुणाकुणाला माती, चुना, असले काही खावेसे वाटते. थोरलीने ते एकदा पाहिले.

"भिंत खाऊ नकोस गं बाई! तुझ्या नवऱ्यानं कालच गिलावा केलाय."

धाकटी लाजली आणि तिने तोंड पुसले.

"वहिनी, मला फार थकल्यासारखं वाटतं हो."

"मला बघ," थोरली म्हणाली. तिच्या डोक्यावर वाळूचे घमेले होते. "चौथं आहे. बसलेय का मी?"

नव्हती बसली. तिला खरोखरच काही होत नव्हते. तोच तळमजला, तेच डास, मच्छरदाणीत शिरण्याआधी संध्याकाळभर तिलाही चावायचे. पण तिच्या रक्तात त्या खास आकड्याला ओळखणारे पहारेकरी होते. ते कुठून आले, ते कळेलच.

शेवटी गवंडी एकदाचा धाकटीला घेऊन आरोग्य केंद्रात गेला. तिथे रक्त तपासणारा एक माणूस होता. आलेल्या प्रत्येकाच्या कागदावर तो 'निल', म्हणजे काही सापडले नाही, असे लिहायचा, म्हणून त्याला सगळे निलभाऊ म्हणत. त्यालाही ते नाव आवडायचे.

"ताप आहे?" निलभाऊंनी विचारले.

"नाही."

"मग कशाला आलात?"

"दम लागतो हिला."

"पोटुशी बाई आहे, दम लागणारच. मला नाही का लागत?" निलभाऊंनी आपल्या पोटावर थाप मारली आणि स्वतःच हसले. मग बोटाला सुई टोचली, काचेवर थेंब घेतला, एका हातात चहाचा कप धरून सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला आणि कप खाली ठेवायच्या आत निकाल लिहिला. निल.

मी त्यांच्यावर सगळाच दोष टाकणार नाही, तेवढ्या योग्यतेचे ते नव्हते. त्यांनी कप खाली ठेवून दिवसभर पाहिले असते तरी फारसे काही सापडले नसते. चोर माझ्याकडे मुक्कामाला होते. बोटात कशाला फिरतील? पण ही गोष्ट ज्याला ठाऊक असायला हवी, तोच माणूस 'निल' लिहून पुढचा कागद ओढत होता. बोटात दिसले नाही, म्हणजे शरीरात नाही. दारात चप्पल नाही, म्हणजे घरात कुणी नाही. एवढी अक्कल.

सिस्टर पुन्हा एकदा आली होती. तिने थोरलीच्या खाटेवर बांधलेली मच्छरदाणी पाहिली आणि धाकटीचे पांढरे ओठही पाहिले. "मी सांगितलं होतं," असे म्हणाली आणि गेली. हे एक वाक्य पाठ असले की माणसाची सगळीकडून सुटका होते.

घरात त्या दिवसापासून नवा शब्द आला. धाकटी बसली की थोरला म्हणायचा, "निल आहे ती. नाटकं नुसती."

दिवस भरायच्या आधीच धाकटीला कळा सुरू झाल्या. वाळू आणणाऱ्या टेम्पोत चादर अंथरून तिला मोठ्या रुग्णालयात आणले. म्हणजे इथे, याच इमारतीत. डॉक्टरबाईंनी तिची खालची पापणी ओढून पाहिली.

"हिच्यात रक्त आहे कुठे?" त्या ओरडल्या. "इतके दिवस काय करत होतात?"

"तपासलं होतं बाई," गवंडी म्हणाला. "निल होतं."

त्याला रक्ताची पिशवी आणायला पाठवले. इकडे मुलगी झाली. चिमणीएवढी, पण रडली. मी तिला पुरेसे अन्न देऊ शकले नव्हते. माझी अर्धी जागा चोरांनी अडवली होती. मुलीमागोमाग मी बाहेर आले आणि थोडा रक्तस्राव झाला. फार नाही. दुसरी एखादी बाई तेवढ्याने उठून बसली असती आणि तिने चहा मागितला असता. धाकटीच्या अंगात तेवढेही जास्तीचे उरले नव्हते. गवंडी पिशवी छातीशी धरून जिना चढत होता. पिशवी गार होती, म्हणून त्याने तिला शर्टाच्या आत धरले होते. तो वर पोहोचला तेव्हा दाराशी उभ्या असलेल्या माणसाने त्याला आत सोडले नाही.

ती गेली होती.

डॉक्टरबाईंनी मला बादलीतून उचलले. माझ्यावरचा काळपट रंग त्यांना दिसला असावा. त्यांनी माझा एक तुकडा काढला, काचेवर दाबला, रंग दिला आणि सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मग गवंड्याला आत बोलावले.

"यातून बघा. ते काळे ठिपके दिसतात? हा हिवताप."

गवंड्याने बराच वेळ डोळा लावून ठेवला. "पण तिला ताप नव्हता."

"तापाच्या गावची होती ना? म्हणूनच नव्हता."

"आणि निल..."

"बोटात निल. इथे नाही."

 तो म्हणाला, "एकाच खोलीत राहतो आम्ही. मग माझ्या वहिनीला कसं काही झालं नाही?"

 डॉक्टरबाई म्हणाल्या, "वहिनीला इथेच बाळंत व्हायला सांगा."

थोरली आली. मुलगा झाला, गुबगुबीत. तिची वार तपासली, तर स्वच्छ. हीच ती, माझ्या शेजारच्या बरणीत. बघा, कशी लालबुंद आणि जाडजूड. आम्ही दोघी एकाच खोलीत वाढलो, पण तिला वाटते की ती मुळातच चांगल्या घराण्यातली आहे.

डॉक्टरबाई थोरलीच्या खाटेशी बसल्या. गवंडी चिमुरडीला घेऊन दाराशी उभा होता. धाकटी गेल्यामुळे ती थोरलीच्याच दुधावर वाढणार होती.

"हे चौथं ना?"

"हो."

"पहिल्या वेळी कशी होतीस? त्रास झाला होता?"

थोरलीने बाळावरचे पांघरूण नीट केले.  मग ती म्हणाली, "हे पाचवं आहे. पहिलं राहिलं नाही. मेलेलंच आलं."

"आणि तू?"

"मी अशीच. धाकटीसारखी. भिंतीला टेकून बसायची. भिंत चाटायची." तिने पदर तोंडावर घेतला. "मला वाटलं, पहिल्या वेळी सगळ्यांनाच होतं. आम्ही नाही का सोसलं?"

गवंड्याने मुलगी तिच्या कुशीत ठेवली आणि तो बाहेर गेला.

म्हणजे बघा, मित्रांनो. सगळे उत्तर त्याच घरात, त्याच चुलीशी बसलेले होते. थोरलीचे पहिले मूल याच तापाने नेले होते. त्या खेपेत तिचे शरीर तो खास आकडा ओळखायला शिकले आणि पुढची सगळी पोरे धडधाकट झाली. पण गेलेले मूल कुणी मोजत नाही. म्हणून पाचवे हे चौथे झाले आणि शिकलेले शरीर हे दमलेले शरीर ठरले. धाकटी समोर बसून भिंत चाटत होती. जिला त्याचा अर्थ कळायला हवा होता, ती गिलाव्याची काळजी करत होती.

आता माझे कौतुकाचे दिवस. डॉक्टरबाईंनी मला बरणीत ठेवले, शेजारी थोरलीच्या वारेला ठेवले आणि दोघींकडे बोट दाखवून त्या विद्यार्थ्यांना शिकवू लागल्या. एकदा एक बडे पाहुणे आले, माझ्याकडे वाकून म्हणाले, "वा! फारच सुंदर नमुना." एक बाई मेली म्हणून मी सुंदर नमुना झाले, हे त्यांना सुचले नसावे. मग डॉक्टरबाईंची बदली झाली. नवे आले, त्यांना हृदय आणि मेंदू आवडतात. माझ्यावरची चिठ्ठी गळून पडली. बरणीतले पाणी कमी होत चालले आहे आणि माझी वरची कड उघडी पडून वाळते आहे. फळीवर कुणाचा तरी डबा असतो. असो. मेंदू पाहून कुणाला मेंदू आल्याचे मी अजून पाहिलेले नाही.

एक गोष्ट मी डॉक्टरबाईंच्या आधीपासून जाणत होते. शेवटच्या काही आठवड्यांत धाकटीच्या रक्तातून नवे पहारेकरी येऊ लागले होते. थोडेसेच, बावरलेले. पण त्यांना तो आकडा ओळखता येत होता. त्यांनी माझ्या अंगावरचे दोन-चार चोर सोडवलेही. तिचे शरीर अखेर शिकले होते. दुसऱ्या खेपेला ती थोरलीसारखी डोक्यावर घमेले घेऊन जिना चढली असती. दुसरी खेप आलीच नाही.

त्यातले जे पहारेकरी मला पलीकडे ढकलता आले, ते मी मुलीकडे पाठवले. आईने दिलेले हे धन काही महिने टिकते, मग विरून जाते. आता ती मुलगी तुमच्याएवढी असेल. कदाचित तुमच्या वर्गातही असेल. पुढे मोठी होईल, लग्न करील आणि एके दिवशी पहिलटकरीण होईल. त्या दिवशी तिच्या रक्तात या शत्रूला ओळखणारे कुणीही नसेल. आई शिकली होती ते तिला मिळणार नाही. प्रत्येक बाईचे शरीर पहिल्या यत्तेपासूनच सुरू करते आणि तोवर तिला सांभाळायचे काम बाहेरच्या माणसांचे असते.

म्हणजे तुमचे. तुमच्या घरात कुणी पहिल्यांदा गरोदर असेल, तर तिला ताप नाही म्हणून निर्धास्त राहू नका. ती दमली आहे असे म्हणाली, तर ती दमलेली आहे असे समजा. तिला डासांपासून आधी सांभाळा, बाकीच्यांना मागून. डॉक्टरांकडे घेऊन जा, आणि एकदा 'निल' म्हणाले तर पुन्हा जा. यात काही अवघड नाही. एका घरातल्या तीन शहाण्यासुरत्या माणसांना ते जमले नाही, एवढेच.

तुमच्या बाई आल्या. आता त्या तुम्हाला सांगाड्याकडे नेतील आणि तुम्ही धावत जाल. तुमच्याकडे पाहून मला मुळीच वाटत नाही की यातले काही तुमच्या लक्षात राहील.

मला खोटे पाडा, मित्रांनो.